युरेनिल ॲसिटेटचं स्टेनिंग: बाटलीपासून ग्रिडपर्यंत

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "मॅडम, बीम जरा बघता का? सगळं काळं काळं दिसतंय." बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत, नीटच असतो. काळं दिसतं ते ग्रिडवर (नमुना ज्यावर ठेवतात त्या धातूच्या छोट्या गोल जाळीवर) बसलेलं असतं आणि ते तिथे बसलेलं असतं तासाभरापूर्वी, बाहेरच्या टेबलावर, आपल्याच हातांनी. पण दोष देताना कोटींचं यंत्र आठवतं, दोन रुपयांचा टिपकागद आठवत नाही.

नमुना इलेक्ट्रॉनांना दिसावा म्हणून त्यावर युरेनिल ॲसिटेट हे युरेनियमचं संयुग चढवतात, त्यालाच इथे स्टेनिंग म्हटलंय. त्यातला युरेनिल आयन (युरेनियम आणि ऑक्सिजनचा भारित कण) स्वभावाने भलताच चिकट. फॉस्फेट दिसलं की तो त्याला धरतो. ते तुमच्या विषाणूच्या आरएनएमधलं आहे की धुवायचं राहून गेलेल्या बफरमधलं (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातलं), याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे स्टेनिंगमधलं निम्मं कौशल्य नमुन्यावर थेंब टाकण्यात नसून, युरेनिलला नमुन्याशिवाय दुसरं कोणी भेटू न देण्यात आहे. फॉस्फेट, उजेड, धूळ आणि अल्कली हे चार पाहुणे दाराबाहेर ठेवले की बाकी काम सोपं आहे. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

पिवळी पूड म्हणजे काय

युरेनिल ॲसिटेट डायहायड्रेट ही लिंबासारखी पिवळी, हिरवट झाक असलेली स्फटिकं. रेणुभार ४२४. बाटली उघडली तर व्हिनेगरचा पुसट वास येतो (नाक नेऊन खात्री करू नका). युरेनियमचा अणुक्रमांक ९२. आपल्या पेशी बनलेल्या असतात कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या, म्हणजे ६, ७, ८ या अणुक्रमांकांच्या. इलेक्ट्रॉनच्या नजरेला अशी पेशी म्हणजे काचेवर ठेवलेली काच. तिथे जड अणू बसला की तो इलेक्ट्रॉन दूर फेकतो आणि पडद्यावर काळं उमटतं. म्हणून ऑस्मियम (७६), शिसं (८२) आणि युरेनियम ही मंडळी या धंद्यात आली.

ऊतींचे पातळ छेद (काप) जड धातूंनी रंगवण्याची पद्धत मायकेल वॉटसन यांनी १९५८ मध्ये मांडली, तेव्हापासून युरेनिल ॲसिटेट प्रयोगशाळेत आहे. १९५९ मध्ये केंब्रिजला सिडनी ब्रेनर आणि रॉबर्ट हॉर्न यांनी विषाणू पाहण्यासाठी निगेटिव्ह स्टेनिंग रुळवलं, ते मात्र फॉस्फोटंगस्टेट हे टंगस्टनचं संयुग वापरून. १९६३ मध्ये ह्यू हक्स्ली यांनी स्नायूंमधले प्रथिनांचे धागे युरेनिल ॲसिटेटमध्ये बुडवून दाखवले. त्यातली टोकदार, बाणांच्या रांगेसारखी दिसणारी ॲक्टिन-मायोसिनची चित्रं आजही जीवशास्त्राच्या वर्गात दिसतात.

एकच द्रावण दोन उलट कामं करतं, हे नवख्याला गोंधळात टाकतं. पॉझिटिव्ह स्टेनमध्ये युरेनिल नमुन्याला चिकटतं आणि नमुना काळा दिसतो. निगेटिव्ह स्टेनमध्ये ते नमुन्याभोवती साचून वाळतं, त्यामुळे भोवताल काळा आणि नमुना उजळ दिसतो. पावसाची सर येऊन गेल्यावर उभी स्कूटर हलवली की खाली तिच्या आकाराची कोरडी जागा राहते ना, तसं. छेदांना आपल्याला पहिला प्रकार हवा असतो, सुट्या विषाणूंना आणि प्रथिनांना दुसरा.

पूड उघडण्याआधी

बाटलीवर किरणोत्साराचं चिन्ह असतं, म्हणून लोक एक तर उगाच घाबरतात किंवा "अहो, काही होत नाही" म्हणून हातमोजेही घालत नाहीत. बाजारात मिळणारं युरेनिल ॲसिटेट बहुतेक वेळा क्षपित युरेनियमचं, म्हणजे जवळजवळ सगळं युरेनियम-२३८ असतं. त्याचं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, म्हणजे ते फार सावकाश क्षय पावतं. त्यातून निघणारे अल्फा कण कागदाने किंवा त्वचेच्या मृत थराने अडतात. बाटलीशेजारी उभं राहून तुमचं फारसं काही बिघडत नाही.

बिघडतं ते पूड श्वासातून किंवा तोंडातून आत गेली तर. आत गेल्यावर अल्फा कणांना अडवायला कातडी नसते. शिवाय युरेनियम हा जड धातू म्हणून मूत्रपिंडाला विषारी आहे आणि त्याचा हा रासायनिक धोका किरणोत्साराच्या धोक्याहून जवळचा आहे. त्यामुळे सगळी काळजी पूड उडू न देण्याची घ्यायची. वजन फ्यूम हूडमध्ये, पंखा आणि एसीचा झोत बंद, नायट्राइल हातमोजे, एन-९५ मास्क, खाली प्लास्टिकचं अस्तर असलेला शोषक कागद. वजनाचा कागद वापरू नका. झाकणाची छोटी बाटली रिकामी तोलायची, हूडमध्ये पूड घालून झाकण लावायचं, परत तोलायची. नेमकं ०.२ ग्रॅम आलं पाहिजे असा हट्ट नको. ०.२३ आलं तर पाणी ११.५ मिलिलिटर घाला. चमच्याने पूड परत मूळ बाटलीत ढकलत बसण्यात धोका जास्त.

भारतात युरेनियमची संयुगं अणुऊर्जा खात्याच्या नियंत्रणाखाली येतात. त्यामुळे ही बाटली मीठ-साखरेसारखी मागवता येत नाही, शेजारच्या प्रयोगशाळेतून उसनी आणता येत नाही आणि संपली म्हणून केरात टाकता येत नाही. तुमच्या संस्थेच्या किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याला आधी भेटा. साठ्याची वही ठेवा: तारीख, किती काढलं, कोणी काढलं, किती उरलं. ही वही कंटाळवाणी असते खरी, पण तपासणी आली की तीच तुमची बाजू मांडते.

दोन टक्क्यांचं द्रावण

रोजच्या कामाला पाण्यातलं २ टक्क्यांचं द्रावण पुरतं, म्हणजे १० मिलिलिटरला ०.२ ग्रॅम. जास्त करून ठेवू नका. ग्रिडला काही मायक्रोलिटर लागतात, १० मिलिलिटर संपवता संपत नाही.

पाणी दुहेरी ऊर्ध्वपातित किंवा अतिशुद्ध हवं. ते एकदा उकळून झाकून गार केलं तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. युरेनिल ॲसिटेट विरघळतं पण आळशीपणाने. पाणी घातल्यावर पाच मिनिटांनी तळाशी पिवळे खडे दिसतात, म्हणून लोक बाटली जोरात हलवतात किंवा "अजून थोडं पाणी" घालतात. दोन्ही नको. बाटलीला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा, रोटेटरवर लावा आणि तासाभराने या. गडबड असेल तर सोनिकेटरच्या (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या यंत्राच्या) कोमट पाण्यात थोडा वेळ धरा.

विरघळल्यावर ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळायचं. गाळलेले पहिले काही थेंब टाकून द्यायचे (कचऱ्याच्या बाटलीत, सिंकमध्ये नव्हे). मग एक एक मिलिलिटर लहान ट्यूबमध्ये भरून, फॉइलमध्ये गुंडाळून ४ अंश सेल्सिअसला. ट्यूबवर तारीख.

पीएच मोजलात तर ४ ते ४.५ च्या आसपास येईल. "माझं प्रथिन सातला स्थिर आहे, मी याचा पीएच वाढवू का?" असं दर वर्षी कोणीतरी विचारतंच. वाढवून बघा म्हणावं: सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब पडत जातील तसं द्रावण गढूळ होईल आणि पिवळा गाळ खाली बसेल. उदासीन पीएचला युरेनिल द्रावणात टिकत नाही. आम्लता हा या स्टेनचा दोष नाही, त्याचं घर आहे.

उजेडाचं कारणही सांगून ठेवते, म्हणजे फॉइल लावायचा कंटाळा येणार नाही. युरेनिल आयन प्रकाश शोषून उत्तेजित होतो तेव्हा तो फार ताकदवान ऑक्सिडीकारक बनतो. आजूबाजूचं सेंद्रिय काही, मग ते ॲसिटेट असो की अल्कोहोल, त्याचं ऑक्सिडीकरण करतो आणि स्वतः खालच्या अवस्थेतल्या न विरघळणाऱ्या युरेनियममध्ये बदलतो. म्हणून अल्कोहोलमधलं द्रावण पाण्यातल्यापेक्षा लवकर नासतं. याच उजेडाच्या वेडापायी १८९६ मध्ये आंरी बेकरेल फोटोच्या काचेवर पोटॅशियम युरेनिल सल्फेटचे स्फटिक ठेवून उन्हाची वाट पाहत होते. ऊन आलं नाही, काच मात्र काळी झाली आणि किरणोत्सार सापडला. आपल्याला तेवढं मोठं काही शोधायचं नाहीये, फॉइल लावायची आहे.

वापरण्याआधी दर वेळी ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये ५ मिनिटं पूर्ण वेगाने फिरवा आणि पिपेटचं टोक वरच्या अर्ध्या भागातच बुडवा. हे एवढं केलं की निम्म्या तक्रारी मिटतात.

निगेटिव्ह स्टेनिंग: थेंबाथेंबाने

साहित्य आधी मांडून घ्या, कारण एकदा नमुना ग्रिडवर गेला की उठता येत नाही. कार्बनचा लेप असलेली ३०० किंवा ४०० मेशची तांब्याची ग्रिड, उलट्या स्प्रिंगचा चिमटा (सोडला की घट्ट धरतो तो), व्हॉटमन नंबर १ टिपकागद त्रिकोणी कापून, पॅराफिल्मची (मेणासारख्या, पाणी न धरणाऱ्या पापुद्र्याची) पट्टी, घड्याळ. पॅराफिल्मवर ओळीने थेंब ठेवा: पाण्याचे दोन, मग युरेनिल ॲसिटेटचे दोन, प्रत्येकी २० ते ३० मायक्रोलिटर. वर पेट्री डिशचं झाकण उपडं ठेवा, म्हणजे धूळ पडत नाही.

ग्रिडचा कार्बन पाण्याला दूर लोटतो. त्यावर थेंब मोत्यासारखा गोल बसला तर समजायचं, नमुना पसरणार नाही. म्हणून ग्लो डिस्चार्जरमध्ये अर्धा मिनिट ग्रिडला आयनित हवेत धरायचं. नंतर तोच थेंब पसरट होऊन बसतो. हा परिणाम लवकर उतरतो, तेव्हा अर्ध्या-पाऊण तासात पुरतील तेवढीच ग्रिड तयार करा.

आता नमुना. शुद्ध प्रथिन असेल तर मिलिलिटरला ०.०१ ते ०.०५ मिलिग्रॅम पुरे. लोक एक मिलिग्रॅमचं घेऊन येतात आणि पडद्यावर एसटी स्टँडवरच्या दिवाळीच्या गर्दीसारखं काहीतरी दिसतं. दहापट आणि शंभरपट पातळ असे दोन नमुने सोबत आणाच. बफर ट्रिस किंवा हेपीसचा, म्हणजे फॉस्फेट नसलेला. ग्लिसरॉल आणि सुक्रोज असेल तर डायलिसिस करून (पातळ पडद्यातून झिरपवून) ते काढून घ्या, कारण दोन्ही वाळत नाहीत आणि स्टेन डागाडागांनी बसतो.

ग्रिडची कड चिमट्यात धरा, जेमतेम धरा, आत जाऊ नका. कार्बनची बाजू वर. त्यावर ३ ते ५ मायक्रोलिटर नमुना ठेवून ३० ते ६० सेकंद थांबा. मग टिपकागदाची कड ग्रिडच्या बाजूला, साधारण ४५ अंशात टेकवा. कागद थेंबाला बोलावतो, आपण ढकलायचं नाही. वरून कागद टेकवला तर कार्बन फाटलाच. ग्रिड पूर्ण कोरडी होऊ देऊ नका. ओलसर चमक असतानाच ती पाण्याच्या पहिल्या थेंबावर तोंड खाली करून टेकवा, उचला, टिपा. दुसऱ्या थेंबावर तसंच. मग युरेनिलचा पहिला थेंब: टेकवा, लगेच उचला, टिपा. हा थेंब उरलंसुरलं पाणी बाहेर काढण्यासाठी असतो. दुसऱ्या थेंबावर ३० ते ६० सेकंद ठेवा.

शेवटचं टिपणं हेच खरं स्टेनिंग. सगळं ओढून घेतलंत तर नमुन्याभोवती काही उरत नाही आणि चित्र फिकं येतं. फार ठेवलंत तर जाड काळं डबकं वाळतं आणि त्यात नमुना बुडतो. मी कागद टेकवते, थेंब सरकताना बघते आणि ग्रिडवर पातळ पिवळसर पडदा उरला की कागद काढते. त्याला "एक-दोन" म्हणण्याइतका वेळ लागतो, पण हे पुस्तकातून कळत नाही. दहा ग्रिड वाया घालवा, अकरावीला हात बसतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला शिकायला दोन वर्षं लागली. चिमट्याच्या दोन पात्यांच्या फटीत केशाकर्षणाने द्रव चढून बसतो. तुम्ही ग्रिड छान टिपता, ती कागदावर सोडायला चिमटा उघडता आणि फटीतला तो लपलेला थेंब धावत येऊन ग्रिडवर पसरतो. म्हणून प्रत्येक टिपण्याच्या वेळी कागदाचं टोक पात्यांच्या मध्येही घालायचं. शेवटी ग्रिड सोडतानाही टोक फटीत ठेवूनच चिमटा उघडायचा.

युरेनिल नुसता रंगवत नाही, धरूनही ठेवतो. नमुन्यातल्या रेणूंना तो सेकंदाच्या अगदी छोट्या भागात जखडतो, त्यामुळे बरेच नाजूक प्रथिनांचे संच वाळण्याआधीच जागच्या जागी बांधले जातात. तरी वाळताना वस्तू चपटी होतेच. गोल कण किंचित पसरून मोठा मोजला जातो, हे आकार लिहिताना विसरू नका.

पहिल्या दिवशी स्वतःचा नमुना आणू नका. तंबाखूच्या मोझॅइक विषाणूवर हात बसवा: १८ नॅनोमीटर जाड, ३०० नॅनोमीटर लांब, सरळ काडी. ती स्पष्ट दिसली आणि मधली नळीची काळी रेघ उमटली तर तुमचं द्रावण, ग्रिड आणि हात तिन्ही ठीक. ती न दिसता तुमचं प्रथिन दिसण्याची अपेक्षा करू नये.

सूक्ष्मदर्शकात आधी कमी मोठेपणावर पूर्ण ग्रिड फिरा. स्टेन कुठेच सारखा बसत नाही. एखाद्या चौकटीत काठाशी दाट आणि मध्याकडे फिका असा उतार असतो, त्या उतारावर कुठेतरी तुमची जागा असते. ती सापडली की पुढचे फोटो तिथलेच. एकाच जागी बीम लावून ठेवला की युरेनियमचे कण सरकतात आणि बारकावे पुसले जातात, म्हणून फोकस शेजारच्या जागी करा आणि फोटो ताज्या जागेचा घ्या. आणि हो, २ नॅनोमीटरपेक्षा बारीक काही दिसत नाही म्हणून रुसू नका. निगेटिव्ह स्टेनची मर्यादा साधारण तिथेच आहे.

पातळ छेदांवर

रेझिनमध्ये (कडक होणाऱ्या प्लास्टिकमध्ये) बसवलेल्या ऊतीचे ६० ते ८० नॅनोमीटरचे छेद ग्रिडवर घेऊन पूर्ण वाळू द्या. इथे कामं दोन: आधी युरेनिल, मग शिसं. क्रम उलटवू नका, युरेनिल बसलेल्या जागांवर शिसं चांगलं चढतं.

पॅराफिल्मवर २ टक्के युरेनिल ॲसिटेटचा थेंब, त्यावर छेदाची बाजू खाली करून ग्रिड, वर झाकण, त्यावर फॉइल. १० ते २० मिनिटं. पाण्याऐवजी ५० टक्के अल्कोहोलमधलं द्रावण घेतलं तर ते रेझिनमध्ये लवकर शिरतं आणि वेळ कमी लागतो, पण थेंब झपाट्याने सुकतो. सुकला की सुईसारखे स्फटिक छेदात रुतून बसतात. मे महिन्यात विदर्भात हे काम करणाऱ्याने थेंब मोठा घ्यावा आणि डिशमध्ये ओला कापूस ठेवावा. मग लहान बीकरमधल्या ताज्या पाण्यात ग्रिड खालीवर बुडवून धुवा, एकामागून एक तीन बीकर, प्रत्येकात वीसेक वेळा. अल्कोहोल वापरलं असेल तर पहिला बीकर ५० टक्के अल्कोहोलचा.

शिशासाठी रेनॉल्ड्सचं १९६३ चं सूत्र अजूनही चालतं. लेड नायट्रेट १.३३ ग्रॅम, सोडियम सायट्रेट १.७६ ग्रॅम, पाणी ३० मिलिलिटर. मिनिटभर जोरात हलवा, दूधट होईल. अर्धा तास अधूनमधून हलवत ठेवा. मग १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ८ मिलिलिटर घाला, क्षणात पारदर्शक होतं, आणि पाण्याने ५० मिलिलिटर करा. पीएच १२. इथे पाणी उकळून गार केलेलंच हवं, कारण कार्बन डायऑक्साइड मिळाला की लेड कार्बोनेटचा पांढरा गाळ होतो आणि तो पडद्यावर काळ्या राईसारखा दिसतो. डिशमध्ये थेंबांभोवती सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवतात त्या डिशमधला कार्बन डायऑक्साइड शोषायला. ग्रिड ठेवताना डिशवर तोंड आणून बोलू नका, श्वास रोखा. ३ ते १० मिनिटांनी ०.०२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये एकदा, मग पाण्यात धुवा.

मधलं धुणं का एवढं महत्त्वाचं? युरेनिलला अल्कली चालत नाही आणि शिशाचं द्रावण पीएच १२ चं. ग्रिडवर युरेनिल उरलं असेल तर दोघांची भेट छेदावरच होते.

ऊतीच्या तुकड्यालाच स्टेन

ऊती ऑस्मियमने पक्की करून झाल्यावर आणि पाणी काढणाऱ्या अल्कोहोलच्या पायऱ्या सुरू होण्याआधी ऊतीचा छोटा तुकडाच ०.५ ते २ टक्के युरेनिलमध्ये, ४ अंशांना, अंधारात, तासभर ते रात्रभर ठेवतात. पेशीतली पटलं ठसठशीत येतात. मात्र आधीचा बफर फॉस्फेट किंवा कॅकोडायलेट असेल तर पाण्याने दहा-दहा मिनिटं तीनदा धुतल्याशिवाय पुढे जाऊ नका. यकृताचा नमुना असेल आणि ग्लायकोजन मोजायचं असेल तर ही पायरी गाळा. युरेनिलच्या आम्लधर्मी द्रावणात ग्लायकोजनचे कण बिघडतात, निघूनही जातात.

काळं काळं म्हणजे नेमकं कोणतं काळं

एकदा एका बाहेरच्या प्रयोगशाळेतून विषाणूंचे सहा नमुने आले. सहाही ग्रिडवर गच्च काळे ठिपके. पाठवणाऱ्यांनी कळवलं, "तुमचं युरेनिल जुनं आहे." मी नवीन केलं. तेच. गाळलं, फिरवलं, पाणी बदललं, तेच. तिसऱ्या दिवशी फोनवर सहज विचारलं, "शेवटचं धुणं कशात?" "पीबीएसमध्ये, नेहमीसारखं." नमुन्यासोबतच्या कागदावर लिहिलं होतं "बफर", बस.

हिशेब साधा आहे. पीबीएस म्हणजे फॉस्फेटचाच बफर, त्यात लिटरला १० मिलिमोल फॉस्फेट. आपल्या २ टक्के द्रावणात लिटरला सुमारे ४७ मिलिमोल युरेनिल. ग्रिडवर उरलेल्या पातळ थरातलं फॉस्फेट झटक्यात युरेनिल फॉस्फेट होऊन खाली बसायला पुरेसं. पाण्याचे दोन थेंब चार केले आणि सहाही ग्रिड स्वच्छ आली. नमुना पाण्यात फुटणारा असेल तर पाण्याऐवजी ट्रिसने धुवा.

म्हणून काळं दिसलं की त्याचा आकार बघा. बारीक, सगळीकडे सारखी भुरभुरलेली मिरी म्हणजे बहुधा फॉस्फेट. सुया किंवा पिसासारखे पुंजके म्हणजे युरेनिल ग्रिडवर सुकलं किंवा धुणं कमी पडलं. गोलसर, दाट काळे ठिपके, छेदावर विखुरलेले, म्हणजे लेड कार्बोनेट. चौकोनी, कडा धारदार, म्हणजे नमुन्यातलं साधं मीठ. सगळा नमुनाच काळा आणि भोवताल उजळ, म्हणजे निगेटिव्ह म्हणून निघालात आणि पॉझिटिव्ह झालं. शेवटी जास्त टिपलं गेलं किंवा ग्रिड पाण्याला धरत नव्हती. आणि काहीच दिसत नाही, सगळं स्वच्छ, तर एकदा ग्रिड उलटी ठेवली होती का ते आठवा. ते माझ्याकडूनही होतं.

युरेनिल नको तेव्हा

आम्लतेत फुटणारे विषाणू आणि प्रथिनांचे संच असतील तर पीएच ७ ला चालणारं फॉस्फोटंगस्टेट किंवा अमोनियम मॉलिब्डेट घ्या. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत भारतातल्या रुग्णाच्या नमुन्यातला कोरोना विषाणू पाहिला गेला, तो फॉस्फोटंगस्टेटच्या निगेटिव्ह स्टेनमध्ये. उलट, प्रथिनांचा आणखी बारीक पोत हवा असेल तर युरेनिल फॉर्मेट ०.७५ टक्के. ते जास्त बारीक कणांचं असतं पण ताजं करावं लागतं, दोन-तीन दिवसांत जातं.

परवान्याची कटकट नको म्हणून लँथॅनाइड धातूंचे, निओडिमियम ॲसिटेटचे पर्याय आले आहेत. उलाँग चहाच्या अर्कानेही छेद रंगवून दाखवले गेले आहेत, हे ऐकून आमच्या कँटीनच्या चहावाल्याने जो चेहरा केला तो मी विसरणार नाही. छेदांवर यातले काही चांगले चालतात. सुट्या प्रथिनांवर अजून तरी माझा हात युरेनिलच्याच ट्यूबकडे जातो.

उरलेलं

द्रवासाठी एक प्लास्टिकची बाटली, दुसऱ्या मोठ्या डब्यात उभी केलेली. त्यावर "युरेनिल ॲसिटेट, पाण्यातलं", तारीख, तुमचं नाव. पहिल्या धुण्याचं पाणीही त्यातच. ऑस्मियम, शिसं किंवा ब्लीच तिच्यात ओतायचं नाही, त्यांच्या बाटल्या वेगळ्या. टिपकागद, पॅराफिल्म, पिपेटची टोकं, फिल्टर, हातमोजे वेगळ्या पिशवीत, तीही चिन्ह लावलेली. भरलं की सुरक्षा अधिकाऱ्याच्या ताब्यात, वहीत नोंद करून.

पूड सांडली तर झाडू नका, फुंकू नका. ओल्या टिश्यूने कडेकडून मध्याकडे पुसा, दोनदा, आणि टिश्यू पिशवीत. काम संपल्यावर टेबल, हूडची कड आणि पिपेटची मूठ यांवरून गायगर काउंटर सावकाश फिरवा. युरेनियमपासून तयार होणारी थोरियम आणि प्रोटॅक्टिनियमची मूलद्रव्यं बीटा कण सोडतात, त्यामुळे डोळ्याला न दिसलेला डागही तिथे टिकटिकतो. आमच्याकडे तो शेवटचा सापडला होता फ्रिजच्या दांडीवर.